पाच सकाळी, सात पार्क

पत्राचा आशय : कोथरूडमध्ये राहणाऱ्या एका वाचक ताईंचं कुटुंब मे महिन्यात पहिल्यांदाच अमेरिकेला निघालं आहे. आधी दहा दिवस न्यू जर्सीला भावाकडे आणि तिथून सहा रात्री फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला. रविवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवारी दुपारी परतायचं. सोबत ९ वर्षांची मुलगी (उंची १२८ सेंमी), ५ वर्षांचा मुलगा (१०४ सेंमी) आणि गुडघे दुखणाऱ्या ६७ वर्षांच्या सासूबाई आहेत. हॉटेल डिस्नीच्या आवाराबाहेरचं, स्वयंपाकघर असलेलं घेतलं आहे. मिस्टरांनी एक्सेलमध्ये बेत आखला आहे : सोमवारी मॅजिक किंगडम, मंगळवारी एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज, बुधवारी अ‍ॅनिमल किंगडम (ही चारही डिस्नीची थीम पार्क), गुरुवारी युनिव्हर्सलची जुनी दोन्ही पार्क, शुक्रवारी युनिव्हर्सलचंच नवं एपिक युनिव्हर्स. ताईंना तो वाचूनच धाप लागते. दोन पार्क कमी करू म्हटलं, तर ‘एवढा खर्च करून जातोय, पुन्हा कधी जमणार?’ असं उत्तर येतं. यावरून घरात दोनदा वाजलंही आहे. दिवस कसे वाटावेत आणि नवऱ्याला कसं पटवावं, असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

‘पुन्हा कधी जमणार’ हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं खरं आहे, आणि तिथूनच सुरुवात करायला हवी. पाच जणांचा व्हिसा, मुलांची सुट्टी, सासूबाईंची तब्येत आणि गाठीला पैसा हे सगळं एका मे महिन्यात जुळून आलं आहे. त्याचं सोनं व्हावं असं त्यांना वाटतं, तुम्हालाही तेच वाटतं. मतभेद आहे तो फक्त हिशेबाच्या पद्धतीत.

त्यांच्या तक्त्यात दिवसाचा प्रत्येक तास सारख्याच किमतीचा धरला आहे. पार्कमध्ये तसं नसतं. गेट उघडल्यावरचे पहिले दोन-अडीच तास सर्वांत मोलाचे. ज्या राइडला तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत नंबर लागतो, तिच्यासाठी साडेअकरानंतर तास-सव्वा तास उभं राहावं लागतं. दुपारी बारा ते चार ऊन, गर्दी आणि भूक एकत्र येतात. संध्याकाळी सहानंतर लहान मुलांची कुटुंबं परतू लागतात आणि रांगा पुन्हा थोड्या आवाक्यात येतात. म्हणून पार्क किती हे मोजण्याआधी सकाळी किती हे मोजा. तुमच्या हातात पाच आहेत, सोमवार ते शुक्रवार. मंगळवारच्या एपकॉटला हॉलिवूड स्टुडिओज जोडलं म्हणून सहावी सकाळ मिळत नाही, मिळते ती दुसऱ्या पार्कची भर दुपार. शिवाय एका दिवसात पार्क बदलायचं तर ‘पार्क हॉपर’ हे जास्त पैशांचं तिकीट लागतं आणि ते तिकिटाच्या सगळ्या दिवसांसाठी घ्यावं लागतं. म्हणजे जादा पैसे मोजून दिवसातले सर्वांत वाईट तास विकत घेतल्यासारखं होतं. हे मिस्टरांना आकड्यांतच दाखवा. एक्सेल करणाऱ्या माणसाला आकडे पटतात.

आता उंची. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या बेतात नेमका हाच रकाना नसतो. प्रत्येक मोठ्या राइडच्या दाराशी उंची मोजतात आणि एका सेंटिमीटरचीही सूट मिळत नाही. तुमचा धाकटा १०४ सेंमीचा आहे. मॅजिक किंगडममधली सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन (९७) आणि टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर (१०२), एपकॉटमधली सोअरिन आणि टेस्ट ट्रॅक (दोन्ही १०२) त्याला चालतील. स्पेस माउंटन (११२), ट्रॉन (१२२) आणि एपकॉटची कॉस्मिक रिवाइंड (१०७) चालणार नाहीत. अ‍ॅनिमल किंगडममधल्या एक्स्पेडिशन एव्हरेस्ट आणि फ्लाइट ऑफ पॅसेज या दोन गाजलेल्या राइडनाही ११२ लागतात. थोरलीला १२८ मध्ये जवळजवळ सगळं मोकळं आहे. अडेल ती युनिव्हर्सलच्या वेलॉसीकोस्टरसारख्या (१३०) मोजक्या राइडपाशी. दोघांनाही हे इथेच, घरीच सांगा. भिंतीपाशी बूट घालून उभं करा, पट्टीने मोजा आणि कुठली राइड कुणाची ते ठरवून टाका. तासभर रांगेत उभं राहून दाराशी ‘नाही’ ऐकलेलं मूल पुढचे दोन तास सावरत नाही.

मोठ्यांनी त्यासाठी राइड सोडायची गरज नाही. ‘रायडर स्विच’ मागा. राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला सांगायचं की आमच्यात एक लहान आहे. आधी मिस्टर आणि थोरली जातात, तुम्ही धाकट्याबरोबर थांबता. ते आले की तुम्ही मोठ्या रांगेशिवाय आत जाता. याला वेगळे पैसे पडत नाहीत.

पत्रात आणखी एक गोष्ट जाणवली. त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी आहे, पण सासूबाईंना काय हवं आहे ते कुठेच नाही. त्यांना विचारलं आहे का? कदाचित त्यांना रोज यायचंच असेल. कदाचित दोन दिवस नातवंडांची मजा पाहायची आणि बाकी दिवस खोलीवर निवांत राहायचं असेल. अनोळखी देशात एकटं बसायची भीतीही वाटत असेल, तेही उघड बोलायला हवं. पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, तेव्हा त्या आल्या तर व्हीलचेअर घ्याच. पार्कच्या प्रवेशापाशी ती भाड्याने मिळते, पण गेटबाहेर नेता येत नाही. पार्किंगपासून गेटपर्यंतचं चालणं उरतंच. ते जमणार नसेल तर हॉटेलवर आणून देणारे बाहेरचे भाडेवाले गाठा. ‘मी काय म्हातारी आहे का’ हा वाद ऑर्लँडोत नको, पुण्यातच मिटवा.

मग वाटणी कशी करावी? मी अशी करेन.

रविवारी संध्याकाळी कुठलंही तिकीट नको. दूध, दही, फळं, ब्रेड आणि पाण्याच्या बाटल्या आणायच्या, बॅगा लावायच्या आणि साडेनऊला झोपायचं.

सोमवारी मॅजिक किंगडम, पण फक्त दुपारी तीनपर्यंत. हे पार्क १९७१ साली उघडलं, डिस्नीच्या चौघांतलं सर्वांत जुनं, आणि बहुतेक राइडना उंचीची अट नसल्यामुळे धाकट्यासाठी सर्वांत सोयीचं. इथे लोक वेळेचा अंदाज चुकतात, कारण गाडी लावली म्हणजे पार्क आलं असं होत नाही. गाडी किंवा उबर तुम्हाला तळ्याच्या अलीकडे सोडते. तिथे सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मग गेट. यात पाऊण तास धरा. पार्क नऊला उघडणार असेल तर साडेसातच्या आसपास हॉटेल सोडायला हवं. परतताना तेवढंच उलट. म्हणूनच ‘दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा आणि संध्याकाळी परत या’ हा नेहमीचा सल्ला डिस्नीबाहेर राहणाऱ्यांना या पार्कपुरता परवडत नाही. जाण्या-येण्यातच दोन-अडीच तास जातात. त्यापेक्षा सकाळ पुरती वापरा, बारा ते तीन सावलीतल्या बसून करायच्या गोष्टी करा (इट्स अ स्मॉल वर्ल्डची होडी, मिकीज फिलहारमॅजिकचं थंडगार थिएटर, पीपलमूव्हर) आणि बाहेर पडा. आतषबाजीसाठी थांबू नका. तिची सोय पुढे केली आहे.

मंगळवारी उशिरा उठा. सकाळ पोहण्याच्या तलावात घालवा, घरी वरणभात करा आणि दोननंतर एपकॉटला जा. पाचांतली एक सकाळ मुद्दाम सोडायची ती इथे, कारण हे पार्क संध्याकाळचं आहे. यातल्या वर्ल्ड शोकेसमध्ये तळ्याभोवती ११ देशांचे विभाग आहेत आणि ते साधारणपणे अकरापर्यंत उघडतच नाहीत. पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची, पण जागोजागी बसता येतं, खाता येतं, पाहायला भरपूर आहे. सासूबाईंना एकच पार्क दाखवायचं झालं तर मी हे निवडेन. स्पेसशिप अर्थ ही संथ राइड आणि लिव्हिंग विथ द लँडची होडी त्यांच्यासाठी, नॉर्वेतली फ्रोझन एव्हर आफ्टर आणि फ्रान्समधली रेमीज रॅटाटूई धाकट्यासाठी. दोन्हींना उंचीची अट नाही. रात्री तळ्यावरची आतषबाजी बघून परत या.

बुधवारी अ‍ॅनिमल किंगडम, उघडण्याआधी अर्धा तास गेटवर. किलिमांजारो सफारी सकाळीच करा. ऊन चढलं की प्राणी सावलीत जाऊन बसतात. सफारीचा ट्रक मात्र चांगलेच हादरे देतो, सासूबाईंच्या कंबरेचा विचार करा. हे पार्क इतरांपेक्षा लवकर बंद होतं, इथे रात्रीची आतषबाजी नाही. दोनपर्यंत मनासारखं पाहून होतं. संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवा, कपडे धुवायला हाच दिवस.

गुरुवारी युनिव्हर्सल, आणि माझ्या मते फक्त मिस्टर आणि थोरली. ती हॅरी पॉटरची पारायणं करते असं तुम्ही लिहिलं आहे. त्या पुस्तकांतलं हॉग्समीड गाव एका पार्कमध्ये आहे, डायगन अ‍ॅली ही गल्ली दुसऱ्यात, आणि दोन्हींमध्ये हॉगवर्ट्स एक्स्प्रेस धावते. ती गाडी पकडायला ‘पार्क टू पार्क’ तिकीटच लागतं, साध्या तिकिटावर बसता येत नाही. एका दिवसात दोन पार्क नकोत असं वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद, कारण दोन्ही पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हॅग्रिडच्या मोटरबाइकवर (१२२) सकाळी सर्वांत आधी जायचं. धाकट्याला इथल्या बऱ्याच मोठ्या राइड उंचीमुळे बंद आहेत आणि सासूबाईंना इथे फारसं काही नाही. तुम्ही तिघांनी तलाव, आराम आणि संध्याकाळी डिस्नी स्प्रिंग्ज करा. दुकानं आणि खाण्याची ही जागा डिस्नीचीच आहे, पण तिला प्रवेश फी नाही. तीन तिकिटांचे पैसे वाचतात, ते पुढे कामाला येतील. तुम्हाला स्वतःला हॅरी पॉटर हवं असेल तर मात्र मन मारू नका. धाकट्याला घेऊन सगळेच जा, त्याच्याजोगी हिप्पोग्रिफची छोटी कोस्टर (९१) आणि ती रेल्वे आहेच.

शुक्रवारी सकाळी काहीच नको. दुपारी झोप काढून चारच्या सुमारास पुन्हा मॅजिक किंगडम, थेट आतषबाजीपर्यंत. ‘पाहिलेलंच पार्क परत?’ हा प्रश्न तक्ता करणाऱ्याकडून नक्की येणार. पण सोमवारी दिवसाचं मॅजिक किंगडम पाहिलं, रात्रीचं पाहिलंच नाही. दिवे, किल्ला आणि आतषबाजी यांसाठी ताजंतवानं मूल लागतं, आणि सकाळी सातपासून चाललेलं पाच वर्षांचं मूल रात्री नऊला ताजं नसतं. या वाटणीत पाच सकाळींपैकी दोन तुम्ही आपण होऊन सोडता आणि त्या बदल्यात दोन चांगल्या संध्याकाळी मिळवता. आतषबाजी संपल्यावर पहिल्या लोंढ्यात घुसू नका. मेन स्ट्रीटवर अर्धा तास थांबा, नाहीतर तोच अर्धा तास बोटीच्या रांगेत उभ्याने जाईल.

सुटलं ते हॉलिवूड स्टुडिओज आणि एपिक युनिव्हर्स. हॉलिवूड स्टुडिओजचा मोठा भाग स्टार वॉर्सच्या चाहत्यांसाठी आहे. तुमच्या घरी ते वेड नसेल तर हे पार्क सोडताना जीव तुटायचं कारण नाही. एपिक युनिव्हर्स मे २०२५ मध्ये उघडलं. ते युनिव्हर्सलच्या बाकी दोन पार्कांपासून काही किलोमीटर दूर, वेगळ्या जागी आहे आणि त्याला स्वतःची पूर्ण सकाळ लागते. मिस्टरांचा जीव त्यातच असेल तर बुधवारचं अ‍ॅनिमल किंगडम काढून ते घाला, वर चढवू नका. नासाच्या केनेडी स्पेस सेंटरचंही तसंच. गाडीने एका दिशेला तासाभराहून जास्त लागतं आणि दिवस पूर्ण जातो.

कुठलं पार्क ठेवायचं यावर वाद अडलाच तर पाच जणांनी पाच वेगळ्या कागदांवर प्रत्येकी तीन गोष्टी लिहा, पार्कचं नाव नाही, गोष्ट. ‘किल्ला’, ‘जिराफ’, ‘जादूची छडी’, ‘मोठा रोलर कोस्टर’. त्या कुठे आहेत ते मग शोधा. ज्या पार्कच्या वाट्याला एकही कागद आला नाही, त्याच्यासाठी घरात भांडण कशाला? मिस्टरांनाही तीन गोष्टी लिहू द्या. आतापर्यंत त्यांनी सगळ्यांसाठी बेत आखला आहे, त्यांना स्वतःला काय पाहायचं आहे हे बहुधा त्यांनाही कुणी विचारलेलं नाही.

तिकिटांचं थोडं. डिस्नीचं तिकीट तारखेनुसार असतं आणि दिवस वाढले की दर दिवसाचा भाव उतरतो. ‘आणखी एक दिवस घेऊन टाकू’ हा मोह तिथूनच येतो. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत वापरता येतं, म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार त्यात आरामात बसतात. कोणत्या दिवशी कुठलं पार्क हे या तारखेच्या तिकिटावर आधी नोंदवावं लागत नाही, त्यामुळे पावसाने घोळ घातला तर अदलाबदल करता येते. सगळ्यांची तिकिटं सारखी असायची गरज नाही. सासूबाईंना मंगळवार आणि शुक्रवार एवढंच हवं असेल तर दोन दिवसांचं तिकीट चार दिवसांत चालतं, ते मंगळवारपासून घ्या. थोरली जूनमध्ये दहाची होणार म्हणता, तर मे महिन्यात तिला ३ ते ९ वयोगटाचंच तिकीट लागेल.

युनिव्हर्सलचे वाचलेले पैसे मॅजिक किंगडमच्या सोमवारी ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ या छोट्या रांगेच्या पासवर घाला. यात तीन राइडच्या वेळा आधी निवडता येतात, पहिली वापरली की पुढची घेता येते. डिस्नीबाहेर राहणाऱ्यांना हे तीन दिवस आधी, तिथल्या सकाळी सातला खुलं होतं. सोमवारसाठी शुक्रवारी सकाळी सात, म्हणजे तेव्हा तुम्ही भावाकडेच असाल. तिकिटं त्याआधी डिस्नीच्या अ‍ॅपमध्ये जोडलेली हवीत. ऐन वेळी तेच राहून जातं. पास पाचही जणांसाठी नको, जे राइडवर बसणार त्यांच्यापुरता पुरे. एपकॉटला संध्याकाळी आणि अ‍ॅनिमल किंगडमला भल्या सकाळी जात असाल तर तिथे मी तो घेणार नाही.

धाकट्यासाठी बाबागाडी घ्या. पाच वर्षांचा मुलगा आपल्याकडे बाबागाडीत बसत नाही, पण तिथे आठ-नऊ वर्षांची मुलंही बसलेली दिसतील. दुपारची डुलकी तिच्यातच होते. डिस्नीत ७९ सेंमी रुंद आणि १३२ सेंमी लांब याहून मोठी चालत नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर फ्लोरिडाच्या कायद्यानुसार पाच वर्षांच्या मुलाला कार सीट किंवा बूस्टर लागतं, आणि मिस्टरांचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना पुण्याच्या आरटीओतून निघण्याआधी काढून ठेवा.

हवामानाला कमी लेखू नका. पुण्याचा मे कोरडा असतो, ऑर्लँडोचा मे रत्नागिरीसारखा घामाचा. महिन्याच्या अखेरीपासून दुपारी विजांसह पाऊस येऊ लागतो आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. साधे पातळ रेनकोट इथूनच न्या. डिस्नीच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी आणि दारू मात्र चालत नाही. थेपले, दशम्या, चिवडा, लाडू बिनदिक्कत न्या. काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. युनिव्हर्सलचे नियम कडक आहेत, तिथे गरम करावं न लागणारा किरकोळ खाऊच चालतो. तारखा अजून हलवता येत असतील तर मे महिन्याचा शेवटचा सोमवार आणि त्याआधीचा शनिवार-रविवार टाळा. अमेरिकेत तेव्हा मेमोरियल डेची जोडून सुट्टी असते.

निघण्याआधी एक दिवस सगळ्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकात काढा. दिवसभर रांगा, ऊन आणि चालणं यांत कोण कधी थकतं, थोरलीला रोलर कोस्टर खरंच आवडतो का, सासूबाई व्हीलचेअरला तयार होतात का, हे पुण्यापासून दोन तासांवर समजेल. मिस्टरांनाही त्या दिवशी दुपारी अडीचला मुलांचे चेहरे दिसतील. तुम्ही काही पटवून सांगण्याची गरज बहुधा उरणार नाही.

अशाच बेतात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. पुण्याहून भावा-बहिणीकडे न थांबता थेट ऑर्लँडो गाठणार असाल तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात. तेव्हा सुरुवातीचे दिवस सकाळच्या पार्कांना द्या आणि रात्रीचे सगळे कार्यक्रम शेवटाकडे ढकला. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी मॅजिक किंगडमचं वेळापत्रक तारीखवार पाहावं. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर हॅलोविनच्या, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या ठराविक रात्री असतात. त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, आतषबाजी मिळत नाही. मात्र त्याच कारणामुळे त्या दिवसांत दुपारपर्यंत गर्दी कमी असते. एक सकाळ अशा दिवशी आणि एक संध्याकाळ पार्टी नसलेल्या दिवशी, अशी विभागणी केली तर दोन्ही साधतं.